जॉर्जियात आठ रात्री: आधी जेवण ठरवा, मग ठिकाण

प्रश्न थोडक्यात असा आहे: "ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही पाच जण आठ रात्रींसाठी जॉर्जियाला चाललो आहोत. मी, नवरा, मुलगी, जावई आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. सासूबाई आणि मी शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाकीचे सगळं खातात. वाइन फक्त मुलगी आणि जावई घेतात. सहल कंपनीने रोज रात्री भारतीय जेवण लावून दिलं आहे. आम्हाला तिथलं खायचं-प्यायचं आहे, आणि बघायचंही आहे. हे सगळं एकत्र जमेल का?"

ताई, जमेल. सगळ्यात आधी ती रोज रात्रीची भारतीय जेवणं काढून टाकायला सांगा. डाळ-पनीर तिथे मिळतं आणि बरं असतं, पण त्याच्यापायी सगळी सहल वाकडी होते. भारतीय जेवणाची हॉटेलं बहुतेक राजधानीत, तिबिलिसीत. म्हणजे डोंगरात तीन-साडेतीन तास आत गेलात तरी रात्रीच्या जेवणासाठी तेवढंच अंतर मागे यायचं. कझबेगचं शिखर उघडं दिसतं ते पहाटे, द्राक्षमळ्यातलं घर जागं होतं ते संध्याकाळी, आणि नेमक्या या दोन्ही वेळी तुम्ही गाडीत बसलेल्या असणार. गेली नऊ वर्षं मी आठ-दहा जणांचे गट घेऊन जॉर्जियाला जाते आहे. पहिली दोन वर्षं मीसुद्धा तिबिलिसीत मुक्काम ठेवून रोज एकेक दिशा करत होते. लोक दमायचे, फोटो भरपूर निघायचे, पण घरी आल्यावर तिथली एक चव कोणाला सांगता यायची नाही. तिसऱ्या वर्षी मी आखणी उलटी केली. कोणता पदार्थ कुठला आणि तो कुणाच्या घरी बसून खायचा हे आधी ठरवलं; चर्च, किल्ले, डोंगर त्याच वाटेवर ओवले. तेव्हापासून तसंच करते.

देश छोटा आणि चवी अनेक, म्हणून हे तिथे साधतं. महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी जागा, वस्ती चाळीस लाखांच्या आत. पूर्वेला काखेतीचं कोरडं खोरं, तिथे गहू आणि द्राक्षं. पश्चिमेला काळ्या समुद्राकडची दमट हवा, तिथे मका, मिरची आणि अक्रोड. उत्तरेला कॉकेशसचे डोंगर, तिथे मेंढ्या, बटाटा आणि चीज. आठ रात्रींत पश्चिमेकडे जायचा मोह सोडा. बातुमी आणि कुताइसी पुढच्या वेळी. दोन रात्री तिबिलिसी, तीन काखेती, दोन डोंगरात स्तेपानत्समिंदाला आणि शेवटची परत तिबिलिसीत. काखेती आधी ठेवा. तिथली द्राक्षांची काढणी, तिला ते रत्वेली म्हणतात, सप्टेंबरात सुरू होते आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आटोपते. डोंगर दोन दिवसांनी कुठे जात नाहीत. वेलीवरची द्राक्षं जातात.

आता तुमच्या आणि सासूबाईंच्या जेवणाकडे येते, कारण तुमची खरी काळजी तीच आहे असं प्रश्नावरून वाटलं. जॉर्जिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मांसाच्या सळ्या येतात. पण तिथलं ऑर्थोडॉक्स चर्च उपासांच्या बाबतीत कडक आहे. दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास, ईस्टरच्या आधी मोठा उपास, ख्रिसमसच्या आधी 28 नोव्हेंबर ते 6 जानेवारी असा सलग उपास (त्यांचा ख्रिसमस 7 जानेवारीला असतो). या दिवसांत मांस, अंडी, दूध, चीज सगळं वर्ज्य. शतकानुशतकं हे पाळता पाळता तिथल्या बायकांनी राजमा, पालेभाज्या, वांगी, अळंबी आणि अक्रोड यांचं एक स्वतंत्र स्वयंपाकघरच उभं केलं. या जेवणाला ते "सामार्ख्वो" म्हणतात. हा एक शब्द पाठ करा. आपल्याकडे "उपासाचं" म्हटल्यावर जशी पुढची यादी द्यावी लागत नाही, तसंच तिथे आहे. "सामार्ख्वो" म्हटलं की मांसही नाही आणि अंडंही नाही. चीज हवं असेल तर ते वेगळं मागवा.

ताटात काय येईल ते सांगते. "लोबिओ" म्हणजे मातीच्या मडक्यात शिजवलेला, अर्धवट घोटलेला राजमा. त्यात कोथिंबीर, लसूण आणि निळी मेथी. सोबत "मचादी", म्हणजे मक्याची जाड, हातावर थापलेली भाकरी, आणि कांदा किंवा "जोंजोली" नावाचं कळ्यांचं आंबट लोणचं. सासूबाईंना पहिल्याच घासाला ओळखीचं वाटेल. "प्खाली" म्हणजे उकडून बारीक चिरलेला पालक किंवा बिटाचा पाला, त्यात अक्रोडाचं वाटण, लसूण, थोडं व्हिनेगर, वर डाळिंबाचे दाणे. "बादरिजानी" म्हणजे तळलेल्या वांग्याच्या पातळ कापांत तेच वाटण भरून केलेली गुंडाळी. "अजापसांदाली" म्हणजे वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरची यांची मऊ शिजलेली भाजी. अक्रोडाचं वाटण त्यांच्याकडे ते काम करतं जे आपल्याकडे खोबरं आणि दाण्याचं कूट करतं. तुम्ही लसूण-कांदा खात असाल असं धरून चालते. तो टाळायचा असेल तर घरी आधी सांगून वेगळं करून घ्यावं लागेल, हॉटेलात कठीण आहे.

तीन ठिकाणी मात्र सावध राहा. राजमा भरलेली "लोबियानी" पोळी आपल्याला निर्धास्त वाटते, पण राचा भागातल्या पद्धतीच्या लोबियानीत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. माझ्या गटातल्या एका काकूंच्या पानात ती एकदा आली. "राचुली" हा शब्द मेनूत होता आणि मी तो वाचायचा राहिले. त्या काही बोलल्या नाहीत, पण दिवसभर जेवल्या नाहीत, आणि ते मला आजही लागून आहे. दुसरं, खाचापुरी. चीज भरलेली ही पोळी तुम्हाला जागोजागी भेटेल. होडीच्या आकाराच्या अजारुली प्रकारात वरून अंडं फोडून घालतात हे दिसतं तरी. गोल इमेरुलीच्या सारणात बऱ्याचदा अंडं कालवलेलं असतं ते दिसत नाही. "क्वेर्त्स्खिस गारेशे", म्हणजे अंड्याशिवाय, असं विचारून घ्या. मांसाशिवाय म्हणायचं तर "खोर्त्सिस गारेशे". तिसरं, घरगुती चीज विरजायला परंपरेने वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. तुमच्याकडे ते पाळत असतील तर चीजच टाळा. सामार्ख्वो जेवणात पोट भरतं.

तिबिलिसीच्या पहिल्या सकाळी हॉटेलातला नाश्ता घेऊ नका. जुन्या शहरात चालत निघा आणि पावाचा वास येईल तिथे थांबा. "तोने" म्हणजे तिथली भट्टी, आपल्या तंदूरची मोठी बहीण. बऱ्याचदा ती तळघरात असते, रस्त्यावरून फक्त एक छोटी खिडकी दिसते. आतला माणूस लांबट कणकेचा गोळा पालथ्या फळीवर ताणतो आणि कमरेपर्यंत भट्टीत वाकून तो भिंतीवर थापतो. क्षणभर त्याचे फक्त पाय दिसतात. पाचेक मिनिटांत आकड्याने पाव सोडवतो. हा "शोती", दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर. टोक कुरकुरीत, पोट मऊ. कागदात गुंडाळून देतात, हात भाजतो, आणि तो चालता चालताच तोडून खायचा असतो. सोबत बाजारातून टोमॅटो, काकडी, जांभळी तुळस आणि चालत असेल तर मीठात मुरलेलं चीज. पाच जणांचा नाश्ता इतक्या पैशांत होतो की हिशेबच करावासा वाटत नाही.

नाश्त्यानंतर स्टेशनजवळच्या डेझर्टर बाजारात जा. 1920 च्या सुमारास सैन्यातून पळालेले शिपाई इथे आपली हत्यारं विकायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. मसाल्यांच्या ढिगांपाशी थांबा. पिवळीधमक सुकी पूड किंवा पाकळ्या दिसतील. विक्रेत्या बायका तिला केशर म्हणतील, पण तो झेंडू आहे. आपला दसऱ्याचा झेंडू ते वाळवून, कुटून अक्रोडाच्या वाटणात घालतात. दसऱ्याच्या आसपासच तुम्ही तिथे असणार; सासूबाईंना ती पूड हातावर घेऊन हुंगायला सांगा. शेजारी हिरवट पूड असेल ती "उत्स्खो सुनेली", निळ्या फुलांच्या मेथीची. उत्स्खो म्हणजे परका. परका मसाला म्हणत म्हणत तो त्यांनी इतका आपला केला की त्याच्याविना लोबिओ होत नाही. इथे काहीच खरेदी करू नका, फक्त चव घ्या; खरेदी शेवटच्या दिवशी.

दुपारी अबानोतुबानीत, म्हणजे गंधकाच्या गरम झऱ्यांच्या हमामांत. "त्बिली" म्हणजे कोमट. शहराचं नावच या झऱ्यांवरून पडलं. पाचव्या शतकात वाख्तांग गोर्गासाली राजाचा ससाणा इथल्या गरम पाण्यात पडला आणि राजाने इथे नगर वसवलं, अशी कथा आहे. जमिनीतून वर आलेले विटांचे घुमट दिसतात, खाली न्हाणीघरं. तासाच्या हिशेबाने वेगळी खोली मिळते, तीच घ्या. सासूबाईंना रक्तदाब असेल तर त्यांनी पाय सोडून बसावं, पूर्ण उतरू नये. पाणी चांगलंच कढत असतं. बाहेर आल्यावर तहान लागते. लगिद्झेचं सरबत तेव्हा प्या. मित्रोफाने लगिद्झे या औषधविक्याने 1887 मध्ये कुताइसीत फळांच्या आणि वनस्पतींच्या अर्कांचं सोड्यातलं सरबत सुरू केलं. टॅरागॉन या सुवासिक पाल्याचं सरबत गडद हिरवं, बडीशेपेच्या जवळ जाणारी चव. नवऱ्याला आणि तुम्हाला पुढचे आठ दिवस हीच सोबत आहे. एक सूचना: टेबलावर सहज ठेवतात ते बोरजोमी नावाचं बाटलीतलं पाणी खनिजांनी खारट आणि सोड्याचं असतं. पोटाला चांगलं म्हणून तिथले लोक मनापासून पितात, पण ज्याला साधं पाणी हवं त्याने "उगाझो" म्हणावं, म्हणजे बिनसोड्याचं. तिबिलिसीत नळाचं पाणीही पिता येतं.

नारिकाला किल्ल्याकडे रोपवेने जा, संध्याकाळी मतात्समिंदा डोंगरावर 1905 मध्ये सुरू झालेल्या केबलच्या रेल्वेने. बाकी तिबिलिसी पायी फिरताना आपोआप दिसते.

तिसऱ्या दिवशी सकाळी काखेतीला. इथे हॉटेल घेऊ नका, घरगुती मुक्काम घ्या, तेलावी किंवा आसपासच्या गावात. निवड करताना खोलीचे फोटो नंतर पाहा. आधी विचारा की घराला स्वतःचा मळा आहे का, स्वतःचं "मारानी" आहे का. मारानी म्हणजे वाइनची कोठी. तिच्यात जमिनीवर काही दिसत नाही, फक्त गोल तोंडं. खाली पुरलेले असतात "क्वेव्री", माणूस आत उतरेल एवढे मातीचे रांजण. आपल्याकडे जुन्या वाड्यांत धान्याची पेवं असायची, तशी ही वाइनची पेवं समजा. आतून मेणाचा हात फिरवलेला असतो. द्राक्षं तुडवून रस, साल, बिया आणि पुष्कळदा देठंसुद्धा आत घालतात. फसफसणं थांबलं की तोंड बंद करतात आणि वसंतापर्यंत पाच-सहा महिने तसंच ठेवतात. जमीन तापमान राखते, वीज लागत नाही. या पद्धतीला 2013 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशात नोंदलं. तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथे सापडलेल्या खापरांवर वाइनचे अंश मिळाले; 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या शोधानुसार ते सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्वेव्री नुकत्याच भरलेल्या असतात. घरचा माणूस दिवसातून तीन-चार वेळा लांब काठीने वर तरंगणारा सालींचा थर खाली दाबतो. तो दाबून झाला की गुडघे टेकून रांजणाच्या तोंडाशी कान न्या. कान न्या म्हणते, तोंड नाही. आतून कर्बवायू निघत असतो, त्यात वाकून श्वास घ्यायचा नाही. पाऊस लांबच्या पत्र्यावर पडावा तसा बारीक सलग आवाज येतो. मागे माझ्याबरोबर निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार होते. अर्धा तास ते तिथून हलले नाहीत. मग मळ्यात गेले, वेली खाली-वर पाहिल्या, एक मणी फोडून बिया हातावर घेतल्या. त्यांच्याकडे त्याच आठवड्यात छाटणी चालली होती, इथे काढणी. नाशिककडची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. दोन्ही शेतकऱ्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. त्यांनी बोटांवर महिने मोजून एकमेकांना समजावलं, आणि घरधन्याने आपली छाटणीची कात्री त्यांच्या हातात दिली. मला विचाराल तर त्या सहलीत पाहण्यासारखं जे होतं ते हेच.

मुलगी-जावयांना सांगा की तिथली पांढऱ्या द्राक्षांची क्वेव्री वाइन पांढरी नसते. सालींबरोबर मुरल्याने ती अंबरी, मधाच्या रंगाची होते आणि कोऱ्या चहासारखी जिभेला धरते. पहिला घोट चमत्कारिक लागतो. अक्रोड किंवा चीज खाऊन दुसरा घ्यावा, मग ती उलगडते. पांढऱ्यात र्कात्सितेली, लालमध्ये सपेरावी ही नावं लक्षात ठेवा. सपेरावी म्हणजे रंग देणारी, तिचा गरसुद्धा लाल असतो. याच दिवसांत "माचारी" मिळते, अजून फसफसणारी, गोडसर, अर्धी वाइन. ती सरबतासारखी लागते म्हणून भराभर जाते आणि मग डोकं धरते. "चाचा" म्हणजे उरलेल्या चोथ्याची गाळलेली दारू. घरची चाचा फार कडक असते, एक लहान पेला पुरे.

जे वाइन घेत नाहीत त्यांना रत्वेलीत काहीच कमी नाही. फसफसण्याआधीचा ताजा रस मागा. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे "तातारा". मोठ्या कढईत द्राक्षाचा रस आटवतात, त्यात पीठ घालून ढवळतात, खिरीसारखं दाट होतं. दोऱ्यात ओवलेल्या अक्रोडांच्या माळा त्यात बुडवून काढतात आणि दांडीवर वाळत टाकतात. ही "चुर्चखेला". दुकानात मेणबत्त्यांसारख्या लोंबताना दिसेल, पण दुकानातली बहुधा जुनी, चिवट असते. घरी कढई उतरल्यावर तळाशी राहिलेला कोमट तातारा वाटीत घालून देतात, तो खा. माझ्या आजीकडे काकवीची कढई उतरली की आम्ही पोरं अशीच वाट्या घेऊन बसायचो. सासूबाईंच्या हातात माळ द्या, बुडवू द्या. घरच्या बायका आनंदाने देतात. त्यासाठी आधी कळवावं लागतं, म्हणून मुक्काम ठरवतानाच विचारा.

एका रात्री "सुप्रा" ठरवा. सुप्रा म्हणजे मेजवानी, पण तिची रीत असते. "तामादा" हा मेजवानीचा सूत्रधार एकेक विषय घेऊन बोलतो, मग सगळे पितात. शांतता, देश, गेलेली माणसं, मुलं, पाहुणे असं चालतं. तामादा बोलत असताना खाऊ-पिऊ नये, मधेच पेला तोंडाला लावू नये. न पिणाऱ्यांनी सुरुवातीलाच स्वच्छ सांगावं आणि सरबताचा पेला उचलावा. कोणी आग्रह करत नाही, पेला उचलून "गाउमारजोस" म्हटलं की झालं. तामादा कधी "अलावेर्दी" म्हणत तुमच्याकडे विषय सोपवतो, म्हणजे पुढे तुम्ही बोलायचं. मराठीतच बोला. गेलेल्यांचा पेला चालू असताना निफाडच्या त्या काकांनी आपल्या वडिलांबद्दल मराठीत दोन मिनिटं सांगितलं. टेबलावरच्या कोणालाही शब्द कळले नाहीत, आणि सगळे उभे राहिले.

काखेतीत पाहायचं काय? सिघनाघी हे टेकडीवरचं तटबंदीचं गाव, त्याच्या जवळ बोदबेचा मठ, जिथे संत निनोची समाधी आहे. द्राक्षाच्या दोन काड्या आपल्या केसांनी बांधून तिने क्रूस केला अशी श्रद्धा आहे; जॉर्जियन क्रूसाचे हात खाली झुकलेले का दिसतात ते तिथे कळतं. ग्रेमीचा जुना किल्ला जमलं तर पाहा. पण अलावेर्दीचं अकराव्या शतकातलं कॅथेड्रल चुकवू नका. तिथले साधू आजही क्वेव्रीत वाइन करतात. आणि इथे आपला एक धागा आहे. काखेतीची राणी केतेवान हिने धर्म सोडायला नकार दिला म्हणून 1624 मध्ये इराणच्या शाह अब्बासने तिला शिराझमध्ये हाल करून मारलं. पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष सोडवून नेले. त्यातला एक भाग तिच्या मुलाला मिळून अलावेर्दीत आला आणि एक भाग गेला गोव्याला, जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या चर्चमध्ये. त्या भग्न चर्चच्या उत्खननात सापडलेल्या हाडाची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने डीएनएवरून केली, आणि जुलै 2021 मध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला. तेलावीजवळच्या एका घरी माझ्या गटातल्या पेडण्याच्या जोडप्याने "आम्ही गोव्याचे" म्हटलं, तर त्या घरच्या आजींनी छातीवर हात ठेवून फक्त "केतेवान" म्हटलं आणि आत जाऊन सगळ्या घराला बोलावून आणलं. तुम्ही महाराष्ट्रातल्या असलात तरी गोवा जवळच आहे हे सांगा.

चर्चमध्ये जाताना बायकांच्या डोक्यावर ओढणी आणि कमरेला घागरा किंवा गुंडाळलेलं वस्त्र लागतं, पुरुषांना हाफपँट चालत नाही. दाराशी कापडं ठेवलेली असतात, पण आपली ओढणी बरी.

सहाव्या दिवशी डोंगराकडे. वाटेत जिनवालीचं निळं धरण, त्याच्या काठी अनानुरीचा किल्ला, पुढे पासानाउरी, जिथे पांढरी आणि काळी अराग्वी एकत्र येतात आणि बराच वेळ दोन रंगांनी शेजारी वाहतात. इथूनच खिंकालीचा मुलूख सुरू होतो. खिंकाली पाहिली की तुम्ही दोघी एकमेकींकडे बघाल, कारण ते हुबेहूब उकडीचे मोदक दिसतात. चुण्या एकत्र आणून वर शेंडी. फरक असा की शेंडी खायची नसते. शेंडीला धरून उचलायचं, बाजूने छोटा चावा घेऊन आतला रस्सा ओढायचा, मग उरलेलं खायचं आणि शेंडी ताटात ठेवायची. किती खाल्ल्या ते शेंड्या मोजून कळतं. काटा-सुरी लावली की रस्सा वाहून जातो. वर फक्त काळी मिरी. डोंगरातला मूळ प्रकार मांसाचा, तो नवरा, मुलगी आणि जावयांसाठी. तुमच्यासाठी बटाट्याची "कार्तोपिली" आणि अळंबीची "सोको". पण हॉटेलात सगळ्या एकाच पाण्यात उकडतात. म्हणून स्तेपानत्समिंदाच्या घरगुती मुक्कामात सांगून ठेवा की बटाट्याच्या आधी, ताज्या पाण्यात.

आणि सासूबाईंना त्या स्वयंपाकघरात बसू द्या. चिपळूणच्या एक काकू होत्या माझ्याबरोबर, सत्तरीच्या. घरची बाई पारी लाटून चुण्या घालत होती, काकू पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी हात धुतले, एक पारी उचलली आणि अंगठा-तर्जनीने मोदकाच्या मुखऱ्या पाडायला लागल्या. कणीक उकडीपेक्षा चिवट, पहिली फाटली. दुसरी जमली. घरच्या बाईने ती उचलून दिव्याकडे धरली, चुण्या मोजल्या. जुन्या लोकांच्या मते एकोणीस तरी हव्यात; काकूंच्या एकवीस होत्या. त्या रात्री सगळ्यांच्या खिंकाली काकूंनी वळल्या.

स्तेपानत्समिंदाला दोन रात्री यासाठी की पहाट दोनदा मिळते. कझबेग पाच हजार मीटरहून उंच आहे आणि ऑक्टोबरात दुपारपर्यंत ढगात जातो. गेरगेतीचं चर्च 2,170 मीटरवर, चौदाव्या शतकातलं. वरपर्यंत गाडी जाते, सासूबाईंना चालावं लागणार नाही. उजाडताच निघा, नाश्ता परत येऊन. रात्री थंडी बोचते, लोकरीचे मोजे न्या. रस्ता रशियाच्या सीमेकडे जातो, त्यावर मालट्रकांच्या लांब रांगा लागतात, म्हणून परतीच्या दिवशी विमान ठेवू नका.

परतताना मत्सखेता हे गाव वाटेतच आहे. टेकडीवर सहाव्या शतकाच्या अखेरीला बांधायला घेतलेलं "ज्वारी" नावाचं चर्च, खाली दोन नद्यांचा संगम, गावात अकराव्या शतकातलं स्वेतीत्सखोवेली कॅथेड्रल. तुमच्या तारखा 14 ऑक्टोबरपर्यंत जात असतील तर परतीचा दिवस तोच धरा. त्या दिवशी स्वेतीत्सखोवेलीचा मोठा सण आणि सार्वजनिक सुट्टी असते. गर्दी असेल, गाडी लांब लावावी लागेल, सासूबाईंसाठी सकाळी लवकर पोचा. दुपारचं जेवण मत्सखेताच्या रस्त्यावर लोबिओ आणि मचादीचं. हा भाग लोबिओसाठी नावाजलेला आहे, आणि तोवर तुम्हाला चांगला लोबिओ कोणता हे स्वतःलाच कळायला लागलेलं असेल.

शेवटच्या सकाळी पुन्हा डेझर्टर बाजार. उत्स्खो सुनेली पाव किलो घ्या, घरी राजम्यात आणि वालाच्या उसळीत छान लागते. झेंडूची पूड थोडी. आंबट आलुबुखारांची "त्क्लापी", आपल्या आंबापोळीसारखी पण चवीला आमसुलाकडे झुकणारी. आमटीत एक तुकडा टाकून बघा. "त्केमाली" या आलुबुखारांच्या चटणीच्या बाटल्या हातातल्या पिशवीत चालत नाहीत, मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा. आणि काखेतीतल्या मुक्कामाला आजच निरोप पाठवा: पाच माणसं, दोन सामार्ख्वो, तीन रात्री, चुर्चखेला करायची असेल तर कोणत्या दिवशी ते कळवा.